साडी नेसलेला बदाम

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. माझ्याआधी आमच्या घरात जे काही लिहिलं गेलं ते एवढंच, की इस्त्रीच्या गठ्ठ्यात खोचलेल्या कागदाच्या तुकड्यावर फ्लॅटचा नंबर. तोही आई लिहीत नाही, काढते. आधी गोल, मग दांडी, रांगोळीसारखा. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, त्यामुळे थोडंफार लिहायला हरकत नसावी असं मला वाटतं. पण हरकत नसणं वेगळं आणि सांगण्यासारखं काही असणं वेगळं. पुस्तकांत लोक प्रवास लिहितात, मोठी आजारपणं लिहितात. माझ्याकडे एक बदामाचं झाड आहे आणि त्यावरचे सुरवंट. वाचणाऱ्याचा वेळ वाया गेला तर दोष सुरवंटांचा नाही, माझा.

झाड नाशिकमध्ये, पेठ रोडकडच्या एका चार मजली सोसायटीच्या आवारात आहे. आपला देशी बदाम, एका पानात भेळ खाता येईल एवढ्या पानांचा. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून त्याच्याखाली माझ्या आईचं इस्त्रीचं टेबल आहे. वडील पिंपळगावला द्राक्षांचा टेम्पो चालवतात आणि आठवड्यातून एकदा घरी येतात. बाकीचं घर त्या टेबलावर चालतं. टेबलाला सोसायटीची लेखी परवानगी वगैरे काही नव्हती. झाडाखाली सावली होती, सावलीत टेबल होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं. झाडाच्या ओळखीवर टेबल उभं होतं म्हणा ना. झाड गेलं असतं तर त्या उघड्या जागेत दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाडी लावली असती.

सोसायटीत राहणारे बहुतेक द्राक्षबागायतदार. बाग गावी, कुणाची दिंडोरीकडे, कुणाची निफाडकडे. फ्लॅट इथे, मुलांच्या शाळेसाठी. सकाळी मोटरसायकलवर बागेत जायचं आणि संध्याकाळी बाह्यांवर औषधाचे डाग घेऊन परत यायचं. अशा माणसांना झाड दाखवलं की त्यांना झाड दिसत नाही, फवारणीचं वेळापत्रक दिसतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गणपती उठल्यानंतर पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. चेअरमन बोलत होते. आमचे चेअरमन बनियनलासुद्धा इस्त्री करून घेतात. बोलता बोलता ते पाठ खाजवायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं, ते मुद्द्यावर जोर देत आहेत. मग त्यांनी शर्ट काढला, मग बनियन काढलं. पाठभर गांधी उठल्या होत्या.

"मावशी, काय घातलं कपड्यात?" त्यांनी आईला विचारलं.

आई काही बोलायच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, वर बोट दाखवलं. बदामाचं खोड हलत होतं. म्हणजे खोड नव्हतं हलत. बोटाएवढे जाड, पिवळट केसांचे सुरवंट एकमेकांच्या अंगावरून वर चालले होते, आणि त्यांचे केस, त्यांच्या लेंड्या, सगळं टपटप खाली, आईच्या टेबलावर.

"तोडून टाका झाड," चेअरमन म्हणाले. "आणि ते टेबल हलवा आधी."

आई प्रेस हातात धरून उभी होती. ती खाली ठेवायची विसरली होती. कोळशाची प्रेस जड असते.

तेवढ्यात सेक्रेटरी, ज्यांना मी मामा म्हणतो, हळूच चेअरमनना म्हणाले, "तात्या, तोडायचं कशाला? एक हात मारू की फवारणीचा."

फवारणी हा शब्द ऐकला आणि सभा जागी झाली. इतका वेळ मोबाइलमध्ये बघणारी माणसं पुढे सरकून बसली. कुणी औषधाचं नाव घेतलं, कुणी म्हणालं ते औषध आता लागू पडत नाही, कुणी म्हणालं तुमचं पाणीच जड आहे, औषधाला काय नावं ठेवता. "पानाला चिकटायला स्टिकर टाका, नाहीतर औषध धुऊन जातं." "सकाळी दवात मारायचं." "माझ्याकडं अर्धी बाटली उरलीय, ती घ्या." "तुमची बाटली दोन वर्षांपूर्वीची, आम्हाला नका देऊ." स्वतः चेअरमन उघड्या अंगाने, पाठ खांबाला घासत, द्रावणाचं प्रमाण सांगत होते. झाड तोडायचं सगळे विसरले.

पुरतं नाही विसरले. ठरलं असं की दसऱ्यापर्यंत प्रयत्न करायचा. झाड साफ झालं तर ठीक, नाहीतर महापालिकेकडे तोडायच्या परवानगीचा अर्ज, आणि झाडाबरोबर टेबलही.

"पण बघणार कोण?" चेअरमन म्हणाले. "छाटणी तोंडावर आलीय. आपण सगळे बागेत."

मामांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "हा कॉलेजला आहे ना? कशाला आहेस रे?"

"बी.ए. भूगोल," मी म्हणालो.

"झालं मग. भूगोलात झाडं येतातच."

मला 'मला यातलं काही माहीत नाही' असं म्हणायचं होतं. पण घरातला पहिला शिकणारा असलं की 'माहीत नाही' म्हणण्याआधी आईकडे बघावं लागतं. मी बघितलं, आणि हो म्हणालो.

घरी येताना आई म्हणाली, "तुला काय कळतं रे त्यातलं?"

"नाही कळत."

"मग हो कशाला म्हणला?"

"तू बघत होतीस माझ्याकडे."

"मी टेबलाकडं बघत होते," आई म्हणाली.

पुढच्या रविवारी मामांनी गावाहून ब्लोअर आणला. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे लावायचा मोठा पंखा, त्यातून औषधाचा धुरळा उडतो. तो द्राक्षाच्या दोन ओळींमधून चालावा म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे औषध दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीवर फेकतो. आमचा बदाम तिसऱ्या मजल्याला टेकलेला. ट्रॅक्टर गेटमधून आत घेतानाच अर्धी सकाळ गेली. टाकी कालवताना कुणीतरी म्हणालं, "टाकी भरतोच आहे तर डावणीचं पण टाकून घेऊ."

डावणी हा द्राक्षाच्या पानांवरचा रोग. मी आदल्या संध्याकाळी लायब्ररीत बसून थोडं वाचलं होतं. घाबरत म्हणालो, "काका, डावणी बदामावर येत नाही बहुतेक."

"आलेली नाही," ते म्हणाले. "येऊ नये म्हणूनच मारायचं असतं."

त्यांनी मोरचुदाचं निळं पाणी ओतलं. ब्लोअर सुरू झाला. पहिल्या मजल्याच्या बाल्कन्या, वाळत घातलेले टॉवेल, पार्किंगमधल्या गाड्या, सगळं एका रंगाचं झालं. खोडाच्या खालच्या भागातले सुरवंट पडले. वरचे आणखी वर गेले, पुराच्या पाण्यात माणसं जातात तसे. चेअरमनची पांढरी गाडी फिकट निळी झाली होती. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मला वाटलं आता रागावतील.

"कव्हरेज चांगलं बसलंय," ते म्हणाले. ती गाडी त्यांनी पुढे बरेच दिवस धुतली नाही, दसऱ्यालासुद्धा.

सुरवंटांचे पतंग व्हायला लागले तेव्हा काकूंनी विषाशिवायचा उपाय सुचवला. त्यांच्या भावाच्या शेतात प्रकाश सापळा होता. एक बल्ब टांगायचा, त्याच्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं. पतंग उजेडाकडे येतात आणि पाण्यात पडतात. मला हे पटलं, कारण मला समजलं. बदामाच्या फांदीला बल्ब बांधला. पण सोसायटीत जिकडेतिकडे दिवे असले तर पतंगांना कुठला उजेड आपला ते कसं कळणार? म्हणून चेअरमननी हुकूम काढला की दिवेलागणीनंतर दोन तास कुणीही दिवा लावायचा नाही. ते स्वतः शिट्टी घेऊन आवारात फिरायचे. कुणाच्या स्वयंपाकघरात उजेड दिसला की शिट्टी. काकूंनी देवापुढे निरांजन लावलं तेव्हाही शिट्टी.

"अहो, हे देवाचं आहे," काकू खिडकीतून म्हणाल्या.

"पडदा ओढा मग," चेअरमन खालून म्हणाले. "देवाला दिसतं अंधारात."

पतंग आले. पिवळट, लोकरीसारखे जाड पतंग, घमेलं भरभरून. सकाळी मी ते खड्ड्यात ओतून वर माती लोटायचो आणि मला पहिल्यांदा वाटायला लागलं की शिकल्याचा काहीतरी उपयोग होतो. एका संध्याकाळी शेजारच्या सोसायटीचे चेअरमन शाल आणि नारळ घेऊन आले. त्यांच्या बदामावरची पाखरं एकदम कमी झाली होती. ती आमच्या बल्बकडे येत होती. त्यांनी अंधारातच आमच्या चेअरमनचा सत्कार केला. शाल नीट दिसत नसल्यामुळे ती अर्धी मामांच्या खांद्यावर पडली.

त्यानंतर मला जे सुचलं ते मी मामांना सांगितलं. "मामा, आजूबाजूची सगळी पाखरं आपण इकडे बोलावतोय. आणि पाण्यात पडायच्या आधी ती आपल्याच झाडावर अंडी घालत असतील."

मामांनी बराच विचार केला. "म्हणजे पुढच्या वर्षी पण सत्कार होईल," ते म्हणाले.

नवीन अंड्यांतून नवीन सुरवंट आले, आधीच्यापेक्षा जास्त. मी सकाळ-संध्याकाळ टेबलाखालची जागा झाडायचो. आईने टेबलावर ताडपत्री बांधली, पण खाज उठते ही गोष्ट एकदा पसरली ती पसरली. लोक तोंडावर काही म्हणत नसत. "आज नको मावशी, उद्या देते," असं म्हणत. उद्या कपडे चौकातल्या लाँड्रीत जायचे. आई रोज निखारे पेटवायची, प्रेस भरायची आणि रिकाम्या टेबलावर चादर सारखी करत बसायची. "कपडे नाहीत तर कोळसा कशाला जाळतेस?" मी विचारलं. ती म्हणाली, "प्रेस थंड दिसली तर लोकांना वाटंल मी गेले."

मग मामांना साड्या सुचल्या.

द्राक्षाच्या बागेवर जुन्या साड्या टाकतात हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. घडांना ऊन लागू नये, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून आख्खी बाग साड्यांनी झाकतात. लांबून पाहिलं तर वाटतं हजार बायका शेतात बसल्यात. मामा म्हणाले, बदामालाही तशाच गुंडाळू. सुरवंट आतच राहतील, खाली पडणार नाहीत. प्रत्येक घराने एक साडी द्यायची. मी शिडी लावून बांधल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत झाड झाकलं गेलं. हिरव्या, जांभळ्या, मोरपंखी, काठापदराच्या. झाड लग्नाला निघालेल्या थोराड बाईसारखं दिसायला लागलं. आणि खरंच, पडायचं थांबलं. दोन गठ्ठे आले, मग चार आले. आई मला म्हणाली, "भूगोल चांगला हाय."

मग एके दिवशी काकू भाजी घेऊन गेटमधून आत आल्या आणि झाडापुढे थांबल्या.

"ही मोरपंखी कुणी दिली?"

"मी दिली," सेक्रेटरीणबाई बाल्कनीतून म्हणाल्या. "का?"

"घडीसुद्धा मोडलेली नाही हिची. ही मी तुला तुझ्या वास्तुशांतीला आहेरात दिली होती."

सेक्रेटरीणबाई कठड्यावरून पुढे वाकल्या. मग त्यांनीही झाडाकडे बघितलं. "आणि ती लिंबू कलरची? ती तर मी तुमच्या मुलीच्या डोहाळजेवणात दिलेली. ती चेअरमनवहिनींच्या घरातून कशी आली झाडावर?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आहेरात आलेली साडी बहुतेक घरांत नेसली जात नाही. ती पिशवीसकट कपाटात जाते आणि पुढच्या बारशाला दुसऱ्या घरी जाते, तिथून तिसऱ्या. हे सगळेच करतात आणि कुणीच बोलत नाही. आता सोसायटीतली कित्येक वर्षांची लग्नं, बारशी आणि वास्तुशांती फांद्यांना लटकत होती. बायका एकेक करून खाली आल्या. कुणी पदर उलटून बघितला, कुणी दुकानाचं लेबल शोधलं. एक साडी तर अशी निघाली की ती चार घरं फिरून ज्यांनी आधी दिली त्यांच्याकडेच परत आली होती, आणि त्यांनी ती न ओळखता झाडाला दिली होती.

शेवटी काकू आईकडे वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा. पुढे देण्याआधी इस्त्रीला तुमच्याच हाताखालून गेल्यात सगळ्या. ही आधी कुणाची?"

सगळ्या आईकडे बघायला लागल्या. एकीचं नाव घेतलं असतं तर दोन घरं तुटली असती, आणि ती दोन्ही घरं कपडे देणारी.

"ताई, मी घडी बघते," आई म्हणाली. "साडी नाय बघत."

भांडण मिटलं नाही, पण त्याला पुढे जायला जागाही उरली नाही. त्यानंतर साड्या काढायला कुणी तयार होईना. जी काढेल तिने फिरवली असं झालं असतं. सेक्रेटरीणबाई मोरपंखीकडे न बघता जिना चढायच्या. कुणी विचारलं तर सगळ्या घरांचं एकच उत्तर: "आमची नाही त्यात."

आणि आत, साड्यांच्या सावलीत, सुरवंट निवांत खात होते. साळुंक्या, भारद्वाज रोज यायचे, झाडाभोवती फिरायचे आणि निघून जायचे. बागेवर साड्या टाकतात त्या पक्षी आत शिरू नयेत म्हणूनच. इथेही ते शिरले नाहीत. दसऱ्याला मी एका साडीची कड उचलून आत पाहिलं. पान म्हणावं असं एकही उरलं नव्हतं. निऱ्यांमध्ये कोष लागले होते.

चेअरमन म्हणाले, "लिही अर्ज. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी आईच्या टेबलावर बसून तो लिहिला, कारण दुसरी सपाट जागा नव्हती. काय लिहितोय हे तिला माहीत होतं. तिने कपडे बाजूला सारून कोपरा मोकळा करून दिला आणि म्हणाली, "घाई नको करू. अक्षर बिघडंल."

"खुणा नीट टाक," चेअरमन म्हणाले. "आवारात झाडं पुष्कळ आहेत. माणसं यायची आणि भलतंच तोडून जायची."

म्हणून मी जे दिसत होतं ते प्रामाणिकपणे लिहिलं: 'आवारातील संपूर्ण वाळलेले, एकही पान नसलेले, दुसऱ्या मजल्यापर्यंत साड्या गुंडाळलेले बदामाचे झाड तोडण्यास परवानगी मिळावी.' चेअरमननी ते दोनदा वाचलं. "याच्याहून मोठी खूण काय पाहिजे," ते म्हणाले आणि सही केली.

दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. सगळ्या साड्या एका संध्याकाळी खाली आल्या, ओल्या, एकमेकींत गुंतलेल्या, कोषांची रिकामी टरफलं लागलेल्या. त्या कुणाच्याच नव्हत्या, त्यामुळे आईने धुतल्या आणि माझ्यासोबत गावी पाठवल्या. आमचं गाव हरसूलच्या पुढे आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे, सख्ख्या मामाकडे, भात कापायला जातो. निघताना मला बदामाच्या फांद्यांच्या टोकांना बारीक, वर उभे राहिलेले कोंब दिसले होते. मी ते कुणाला सांगितलं नाही. अर्ज गेला होता, आणि माझं सांगणं आता कोण ऐकणार होतं.

गावात फोन लागत नाही. भात कापलं, वाहिलं, झोडपलं. मामीने खळ्यावर त्या साड्या पसरल्या आणि त्यांवर भात वाळत घातलं. मोरपंखी साडीवर भात छान दिसत होतं. मी पेंढ्या उचलत असायचो आणि मनात टेबल कुठे हलवता येईल याचा विचार करायचो. चौकात एक कडुनिंब होता, पण त्याच्याखाली नारळवाला होता. शाळेच्या भिंतीला दुपारपर्यंत सावली असते. मामाला मी विचारलं, "छत्रीखाली इस्त्री करता येईल का?" तो म्हणाला, "पाऊस आला तर येईल." त्याला वाटलं मी गंमत करतोय.

आठवड्याच्या बाजाराला आम्ही जीपने हरसूलला गेलो. जीप गावात शिरली आणि माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेना. मी मिरच्यांच्या पालाच्या मागे उभं राहून आईला फोन लावला.

"कुठं होतास?" आई म्हणाली. "मामा पण लावून ऱ्हायले तुला."

"काय झालं?"

"झाडांचा साहेब येऊन गेला. कागद होता त्याच्याकडं. लांबनंच वळखलं मी तुझं अक्षर."

मी दुसरा कान बोटाने बंद केला. "मग?"

"मग काय. सोसायटीत गडी माणूस एक नाय, सगळी बागंत, घड औषधात बुडवायचं चाललंय ना. मलाच इचारलं त्यानं. म्हणला, मावशी, एक वाळलेलं झाड हाय ना इथं, साड्या गुंडाळलेलं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, साहेब, तसलं झाड नाय इथं. खोटं बोलले का मी? तू गेल्यापासून बघितलं नाय तू. एवढी पानं आलीत, वरचं आभाळ दिसंना."

"त्याने ऐकलं?"

"कुठलं ऐकतोय. स्वतः फिरला सगळीकडं, मागं टाकीपाशी जाऊन आला. ऊन लय होतं. मग आला, बदामाखाली माझ्या स्टुलावर बसला, चहा पिला, आन् तिथंच कागदावर लिहिलं. संध्याकाळी मामांनी वाचून दाखवलं." आईने ते पाठ केलं होतं. ती सावकाश, एकेक शब्द मांडत म्हणाली, "सदर झाड जागेवर आढळून आले नाही."

"आणि चेअरमन?"

"ते म्हणले, आता परत अर्ज कसा करायचा. नसलेलं झाड तोडायला मागायचं म्हणजे आपल्यालाच येड्यात काढतील. गाडी धुतली त्यांनी."

"म्हणजे झाड राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं कुठं," आई म्हणाली. "नाय म्हणून लिहिलंय ना."

"मग तू आत्ता कुठे उभी आहेस?"

"सावलीत," आई म्हणाली. "ठेव आता. प्रेस तापलीय, आन् गठ्ठे लय पडलेत."